धक्का लागला की मारला

सद्या, पोलिसांच्या कागदावर तू पाय घसरून पडलास. फरशी ओली होती, तुझा तोल गेला आणि डोकं जिन्याच्या लोखंडी कठड्यावर आपटलं. तुझ्या बायकोने, नलूवहिनीने, तसा जबाब दिला, खाली सही केली, आणि तुझी नोंद अपमृत्यू म्हणून झाली. या शहरात लाखामागे किती खून होतात याचा हिशेब ज्या माणसाने आयुष्यभर मांडला, तो स्वतः कुठल्याच हिशेबात न येता निघाला होता. तू हे ऐकलं असतंस तर आधी हसला असतास, आणि मग विचारलं असतंस, पुरावा काय?

पुरावा मी आहे. मी दारातच उभी होते. समोरच्या घरातल्या तन्मयने दोन्ही हात तुझ्या छातीवर ठेवले आणि तुला ढकललं. फरशी कोरडी होती.

तुझं तेरावं होऊन अजून आठवडाही झालेला नाही. बिल्डिंगच्या गच्चीवर मांडव घातला होता, जेवायला खूप माणसं होती. तुझ्या कॉलेजातले दोघंतिघं बोलले. एक जण म्हणाला, सावंतसर अत्यंत शांत स्वभावाचे होते. मी वडा खात होते, तो घशातच अडकला. मुंबईची नागपूरशी तुलना होऊ शकते की नाही यावरून टेबलावर हात आपटून चहा सांडणारा माणूस शांत? दुसरा तुला देवमाणूस म्हणाला. मला काही तुझ्याबद्दल इतक्या सभ्य भाषेत बोलता येणार नाही. आपण एका चाळीत वाढलो, तू मला शैले म्हणायचास, आणि वादात मी तुझ्यापुढे कधी हरले नाही. म्हणजे असं मला वाटतं. तुला नेमकं उलटं वाटायचं.

मी वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते, तू संख्याशास्त्राचा मास्तर. मी लोकांच्या चुका लाल पेनाने दुरुस्त करायची, तू लोकांच्या पोरांना सरासरी शिकवायचास. निवृत्त झाल्यावर दोघांनाही दुसरा उद्योग उरला नाही. मी दादरला राहायला गेले होते, तू करी रोड सोडलं नाहीस. चाळ पाडून पुढच्या बाजूला श्रीमंतांचा टॉवर झाला आणि मागे जुन्या भाडेकरूंसाठी एक अरुंद, उंच बिल्डिंग उभी राहिली. तिच्यात तुला घर मिळालं. चाळीत तुमच्यापासून दोन खोल्या सोडून राहणारे मेस्त्री इथे पॅसेजच्या पलीकडे, अगदी समोर आले. दर रविवारी मी तुझ्याकडे यायची. वहिनी घावणे घालायची आणि आपण खुनांवर बोलायचो. वहिनी म्हणायची, लोकांच्या घरी रविवारी मटण असतं, आमच्याकडे मुडदे असतात.

तुझं म्हणणं तसं साधं होतं. एवढी गर्दी, एवढी गरिबी, एकमेकांच्या अंगावर पाय देऊन जगणारी एवढी माणसं, आणि तरी इतर कित्येक शहरांच्या मानाने इथे माणूस माणसाला कमी मारतो. असं का? या 'असं का'ने तुला पछाडलं होतं. दिल्ली, पाटणा, नागपूर, सातासमुद्रापलीकडची शहरं, सगळ्यांना तू मुंबईच्या शेजारी उभं करून बघायचास, आणि मुंबईचा दर कमी निघाला की तुझी मान ताठ व्हायची, जणू तू स्वतः रस्त्यात उभं राहून लोकांचे हात धरले होतेस. मी विचारायची, लाखामागे म्हणजे कुठल्या लाखामागे? इथे झोपायला असतात त्यांच्या, की दिवसा कामाला येतात त्यांच्याही? तू म्हणायचास, बरा प्रश्न आहे शैले. अशा आवाजात की मला पाचपैकी चार मार्क पडले आहेत.

इस्पितळाचा मुद्दा मात्र माझा होता, आणि तो तुला गिळावा लागला. परळला कोणाला भोसकलं तर इस्पितळ हाकेच्या अंतरावर. टाके पडतात, रक्त मिळतं, माणूस वाचतो, आणि गुन्हा खुनाचा प्रयत्न म्हणून लागतो. तीच सुरी, तोच राग आणि तीच जखम एखाद्या आडवळणाच्या गावात झाली तर गाडी मिळेपर्यंत माणूस जातो आणि गुन्हा खुनाचा होतो. मग तू मोजतोस काय, माणसांचा स्वभाव की इस्पितळाचं अंतर? पुढच्या रविवारी कबूल केलंस की मुद्दा बिनतोड आहे, पण तेवढ्याने सगळा फरक भरून निघत नाही. तुझं कबूल करणं नेहमी असंच, शेवटी एक 'पण' लावून.

गिरण्या बंद पडल्या त्या दिवसांवरून आपलं सगळ्यात जास्त वाजलं. तेव्हा लालबागच्या पोरांच्या तोंडी 'गेम' हा शब्द आला. अमक्याची गेम झाली, तमक्याची होणार आहे. आदल्या वर्षापर्यंत कॅरमच्या बोर्डाभोवती बसणारी पोरं माणूस मारल्याची बातमी या शब्दात सांगायची. तू म्हणायचास, ते बेकारीने केलं. बाप घरी बसला म्हणून पोरगा भाईच्या मागे गेला. मी म्हणायची, माझाही बाप घरी बसला आणि तुझाही. माझ्या भावाने दादरला भाजी विकली, तू शिकवण्या केल्यास. घरटी एक बेकार होता, पण पिस्तूल किती जणांनी हातात घेतलं? त्यावर तू म्हणालास, तापाने सगळेच मरत नाहीत, म्हणून जे मेले ते तापाने मेले नाहीत असं म्हणशील का? याचं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही, आणि सुचलं तरी आता सांगू कोणाला.

पण तुझा लाडका सिद्धांत होता तो मध्ये पडणाऱ्या माणसांचा. भांडणं सगळ्या शहरांत सारखीच होतात, फरक पडतो तो मध्ये पडणाऱ्यांचा, असं तू म्हणायचास. इथे दोघांनी एकमेकांची कॉलर धरली की चार अनोळखी माणसं धावतात. 'जाऊ दे ना रे, सोड ना' म्हणत दोघांना दोन बाजूंना ओढतात. त्यांना त्यातून काही मिळत नाही, झालीच तर एखादी चापट बसते. तुझ्या मते हे चाळीने शिकवलं. सामाईक गॅलरीत भांडण दोघांचं राहतच नाही, मजल्याचं होतं. खुनाला बंद दार लागतं, आणि चाळीत दारं असतात पण ती बंद नसतात. हे वाक्य तू कुठल्याशा परिसंवादात म्हणालास आणि तुला टाळ्या पडल्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण मला लता आठवत होती.

लता म्हणजे राण्यांची सून. आपण तेव्हा कॉलेजात होतो. तिचा नवरा तिला मारायचा आणि ते सगळ्या मजल्याला ऐकू यायचं. सगळी दारं उघडी होती, सद्या. माझी आई हातातली लाटी तशीच धरून थांबायची, आवाज बंद झाला की पुन्हा पोळी लाटायला घ्यायची. तुझे बाबा रेडिओ मोठा करायचे. रस्त्यातल्या भांडणात धावून जाणारी हीच माणसं, पण नवराबायकोच्या मध्ये पडायचं नसतं, असं सगळ्यांचं ठरलेलं होतं. एका दुपारी लता जळाली. स्टोव्हचा भडका उडाला, असं सगळ्यांनी सांगितलं. राण्यांकडे गॅस आला होता. त्याचे पेढे त्यांनी मजल्यावर वाटले होते आणि ते आपण सगळ्यांनी खाल्ले होते. स्टोव्ह तेव्हापासून माळ्यावर पडून होता. नोंद अपमृत्यूची झाली. पुढे वर्षानुवर्षं 'अपमृत्यूची नोंद करण्यात आली आहे' ही ओळ माझ्या टेबलावरून जायची. तिच्यात शुद्धलेखनाची चूक कधी नसायची, त्यामुळे मला तिला हात लावता यायचा नाही.

मी तुला म्हणायची, लताचा खून झाला, तो तुझ्या हिशेबात धर. तू म्हणायचास, मला वाटतं म्हणून मी धरायला लागलो तर तो हिशेब राहत नाही, जे नोंदलं तेच मोजायचं. नोंदवतं कोण? आपणच ना? मग तुझ्या त्या चार माणसांनी मध्ये पडून खून कमी केले, की मध्ये पडून नोंदी कमी केल्या? यावर तू चिडायचास. मला चळवळ्या म्हणायचास, हिशेबातलं काही कळत नाही म्हणायचास, आणि वहिनी आतून म्हणायची की घावणे गार होतायत. हा प्रश्न आपल्यात शेवटपर्यंत तसाच राहिला.

त्या रविवारीही आपण इथपर्यंतच आलो होतो. तू काहीतरी सांगत होतास आणि समोरच्या घरातून पूनमचा आवाज आला. पूनम म्हणजे तन्मय मेस्त्रीची बायको. लग्नाला वर्षही झालेलं नाही, अजून वहिनीला काकी म्हणताना लाजते. आधी काहीतरी जड पडलं, मग ती ओरडली, मग टीव्हीचा आवाज वाढला. तू बोलता बोलता थांबलास. मी नुसतं तुझ्याकडे बघितलं. इतक्या रविवारांत जे तुला ऐकवलं होतं ते सगळं त्या बघण्यात होतं, हे तुलाही कळलं आणि मलाही. 'तुम्ही बसा हो,' वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली. तू चपलाही न घालता उठलास.

तू बेल वाजवलीस, मग दारावर थापा मारल्यास. तन्मयने दार उघडलं तशी पूनम त्याच्या हाताखालून निसटून बाहेर आली. तिचा ओठ फुटला होता. तो तिच्या मागे धावला आणि तू त्यांच्या मध्ये उभा राहिलास.

'काका, तुम्ही मध्ये पडू नका. आमच्या घरातलं आहे,' तन्मय म्हणाला.

'घरातलं आहे म्हणूनच पडतोय,' तू म्हणालास.

एवढंच झालं. त्याने तुला ढकललं, तू मागे गेलास आणि कठड्याचा आवाज आला. त्याला तुला मारून टाकायचं नव्हतं, हे मलाही ठाऊक आहे. तू पडल्यावर तोच सगळ्यात आधी खाली बसला, काका काका करत. लिफ्ट पण त्यानेच बोलावली.

इस्पितळ हाकेच्या अंतरावर होतं. आपण, म्हणजे तू आडवा आणि आम्ही सगळे, किती पटकन पोचलो. डॉक्टर चांगले होते, बिचारे धावपळ करत होते. अतिदक्षता विभागाच्या बाहेर बाकावर बसून मी देवाला एकच म्हणत होते, की माझा मुद्दा खरा ठरू दे. परळला पोचलेला माणूस वाचतो, एवढं एकदा खरं ठरू दे, बाकीचे सगळे वाद मी याला देऊन टाकते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू गेलास. वाद जिंकायची तुला इतकी घाई असेल असं वाटलं नव्हतं.

पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा मी खाली औषधांच्या दुकानात उरलेलं बिल भागवत होते. वर आले तर वहिनीच्या भोवती माणसं उभी होती. मेस्त्री, सोसायटीचा सेक्रेटरी, आणि चाळीपासूनचे दोघं. तू सांगायचास तशी बरोबर चार. कोणी दमदाटी करत नव्हतं. सेक्रेटरीने वहिनीला पाणी आणून दिलं होतं. नंतर मला बाजूला घेऊन तो म्हणाला, सदाभाऊ काही परत येणार नाहीत, पोराची नोकरी आहे, संसार आहे, आपल्यातलंच आहे, मिटवून टाकू. मी म्हटलं, मी बघितलंय. तो अगदी नम्रपणे म्हणाला, ताई, तुम्ही आता इथे राहत नाही. तुझा सिद्धांत माझ्यासमोर शर्टपँट घालून उभा होता. भांडण झालं आणि माणसं मध्ये पडली, तुझ्या आणि तुझ्या नोंदीच्या मध्ये.

आणि मग जेवण. मयताच्या घरी चूल पेटवायची नसते, शेजाऱ्याने पिठलंभात आणायचा असतो. हे आपल्याकडे कोणी कोणाला शिकवत नाही. तुला पोचवून आम्ही परत आलो आणि पॅसेजमधून सुरेखा मेस्त्री पातेलं घेऊन आली. तन्मयची आई. चाळीत तिच्या बाळंतपणाला वहिनीने रात्र जागवली होती, तो पोरगा म्हणजे तन्मय. सुरेखाचे डोळे सुजले होते. तिने वहिनीसमोर पान मांडलं, भात वाढला, वर पिठलं ओतलं, आणि बाजूला बसून राहिली. वहिनीने पहिला घास घेतला. मी घेतला नाही. मला वहिनीचा राग येत होता. तो राग बरोबर होता की चूक ते मला आज सांगता येत नाही. तुझं कार्य होईपर्यंत पोलिसांकडे जाऊ नका, एवढंच ती मला म्हणाली होती. तेवढं मी ऐकलं.

मध्येच एक सांगते, कारण समोर असतास तर कधीच सांगितलं नसतं. तू उठलास. लताच्या वेळी आख्ख्या मजल्यावर कोणी उठलं नव्हतं, तुझ्या बाबांनी रेडिओ मोठा केला होता, आणि तू त्यांचाच मुलगा. तुझं वय झालं होतं, गुडघे दुखत होते, समोर जिममध्ये जाणारा पोरगा होता. तरी तू उठलास. मी तुझ्याकडे बघितलं नसतं तर तू बसून राहिला असतास का, हे मी स्वतःला रोज विचारते. आणि रोज वाटतं, तू उठलासच असतास, कदाचित मिनिटभर उशिरा. पूनमचा ओठ भरला, सद्या. ती जिवंत आहे. तुझ्यासारखा माणूस माझा मित्र होता आणि मी त्याला आयुष्यभर हिशेबनीस म्हणून चिडवलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी पोलीस ठाण्यात गेले. फौजदार म्हणून एक तरुण मुलगी होती. तिने मला खुर्ची दिली, सगळं नीट ऐकून घेतलं आणि कॉम्प्युटरवर जबाब टाइप केला. कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाली, वाचून सही करा. मी वाचलं. दुसऱ्याचं लिहिलेलं वाचणं हाच माझा धंदा. 'तन्मय याचा धक्का लागून सदानंद सावंत हे खाली पडले.' मी तिच्याकडून पेन घेतलं, 'याचा धक्का लागून' खोडलं आणि वर 'याने धक्का मारल्याने' लिहिलं, तिथे समासात खूण केली. ती म्हणाली, मॅडम, अर्थ एकच होतो ना? मी तिला सांगितलं, एकच होत नाही बाळा. गर्दीत लागतो तो धक्का. तो कोणाचाच नसतो, लोक सॉरी म्हणतात आणि पुढे जातात. मारलेला धक्का कोणीतरी मारावा लागतो.

तिने कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि नवीन कागद छापून दिला. मग ती खरं तेच बोलली. मयताच्या पत्नीचा जबाब वेगळा आहे, त्या म्हणतात पाय घसरला, पूनमही तेच म्हणते. तुमच्या एकटीच्या सांगण्यावर हे उभं राहणं कठीण आहे. त्यांनी पुन्हा येऊन सांगितलं तर गोष्ट वेगळी.

तू असतास तर इथेही खोड काढली असतीस. म्हणाला असतास, शैले, हे उभं राहिलं तरी खुनाच्या रकान्यात मी बसत नाही. हेतू नव्हता. फार तर सदोष मनुष्यवध, आणि तो आपल्याकडे वेगळा मोजतात, काही देशांत एकत्र मोजतात, म्हणूनच तर तुलना जपून करायची. ठीक आहे, वेगळ्या रकान्यात बस. पण कुठल्यातरी रकान्यात बस. मला कोणाला फासावर चढवायचं नव्हतं. त्या बंद दाराच्या आत पूनम आहे, आणि तन्मयला आता एवढं ठाऊक आहे की माणूस गेला तरी फरशी ओली होती म्हणता येतं.

संध्याकाळी मी वहिनीकडे गेले. ती तुझे शर्ट घडी करत होती, द्यायचे वेगळे आणि ठेवायचे वेगळे. मी काही न लपवता सांगितलं, की मी जबाब देऊन आलेय. ती शर्टावरून हात फिरवत राहिली. तिने तेव्हा पोलिसांना सांगितलं होतं की ती स्वयंपाकघरात होती आणि आवाज झाल्यावर बाहेर आली. मी तिच्या खांद्यावरून मागे बघितलं. तुमच्या ओट्यापाशी उभं राहिलं की पॅसेज सरळ दिसतो. इतकी वर्षं येतेय, पण हे मी कधी बघितलंच नव्हतं.

'मीपण बघितलंय, शैलाताई,' ती म्हणाली. 'दोन्ही हात लावले त्याने.'

मी तिच्यासमोर खाली बसले.

'तुमी दादराक जातल्यात,' ती म्हणाली. माझ्याशी ती एरवी कधी मालवणीत बोलत नाही. 'माका हयच रवाचा आसा. रात्री दुखलाखुपला तर मी कोणाचा दार वाजवू?'

तिचं काय चुकलं, सद्या? तू गेलास, पोरगी परदेशात, समोर एकच दार. मला रडू फुटलं. इतके दिवस जे अडकलं होतं ते तुझ्या शर्टांच्या ढिगासमोर बाहेर आलं, आणि वहिनीच माझी पाठ थोपटत बसली. पण रडून झाल्यावर मी विचारलंच. 'आणि पूनमने कोणाचं वाजवायचं?'

तिने पुढचा शर्ट घडीला घेतला. शर्ट संपवले, चहा केला. मी निघाले तेव्हा दाराची कडी काढता काढता ती हळूच म्हणाली, 'उद्या सकाळी जाऊ. तुम्ही पुढे व्हा. एकत्र निघालेलं दिसायला नको.'

सकाळी मी ठाण्यात आधी जाऊन बसले. येईल असं मला वाटत नव्हतं. ती आली, तेराव्याला माहेरहून आलेली साडी नेसून. फौजदार मुलगी तिला आत घेऊन गेली आणि मी बाहेर बाकावर थांबले. आतलं काही ऐकू येत नव्हतं. खूप वेळाने ती बाहेर आली, पदराने तोंड पुसलं आणि माझ्या शेजारी बसली.

'सांगितलं,' ती म्हणाली. 'दोन्ही हात लावले ते सांगितलं. मी ओट्यापाशी होते ते सांगितलं.' मग म्हणाली, 'आता तुमच्या दोघांच्या त्या वादात कोण जिंकलं ते मला कधी सांगू नका.'

मी तिला शब्द दिला. म्हणून तुलाही सांगत नाही.

परत येताना ती मला पुढे हो म्हणाली नाही. आम्ही दोघी बरोबर चालत आलो, फाटकातून आत, वॉचमनसमोरून, लिफ्टपर्यंत. लिफ्टचं दार उघडलं तर आत सुरेखा होती, खाली पार्किंगमधून भाजीची पिशवी घेऊन वर निघालेली. पोलीस अजून तिच्याकडे गेले नव्हते, तिला काहीच ठाऊक नव्हतं. वहिनी क्षणभर उंबरठ्यावर थांबली आणि आत शिरली. मीही शिरले.

'जेवलंस गो नलू?' सुरेखाने विचारलं.

'जेवचा आसा अजून,' वहिनी म्हणाली.

तुमचा मजला एकच, त्यामुळे बटण एकदाच दाबावं लागलं. ते सुरेखाने दाबलं.